ऐकले ते खरे कशावरून?

घरी गाणे ऐकण्यासाठी सेकंडहँड प्रोफेशनल पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे. एका बाजूला मांडवात, नाट्यगृहात किंवा स्टुडिओत अनेक वर्षे राबलेला, कडा घासलेला काळा लोखंडी डबा. पुढे दोन नॉब आणि चार दिवे, बाकी काही नाही. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच ताकदीचा घरगुती ‘हाय-फाय’ अ‍ॅम्प्लिफायर, जाड अ‍ॅल्युमिनियमच्या दर्शनी पट्टीचा आणि कित्येक पट किमतीचा. यांपैकी कोणता घ्यावा असे विचारणारा माणूस थोड्याच वेळात एका जुन्या आणि अवघड वादात येऊन पडतो. एक जाणकार त्याला सांगतो, मोजमापे पाहा, ऐकू येण्याजोगा फरक या दोहोंत नाही. दुसरा सांगतो, मोजमापे राहू देत, कानांवर विश्वास ठेव. स्टेजचा अ‍ॅम्प कोरडा वाजतो, घरगुती अ‍ॅम्प उबदार वाजतो, हे कोणालाही ऐकू येते. इथे वाद यंत्राचा उरत नाही. मला प्रत्यक्ष ऐकू आले एवढ्यावर ते खरे मानायचे, की त्यालाही पुरावा मागायचा, असा तो होतो. भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर हजार वर्षांहून अधिक काळ खंडनमंडन केले आणि त्याला प्रामाण्यवाद हे नाव दिले. माझे म्हणणे असे की त्या वादात घासूनपुसून तयार झालेले विचार या साध्या खरेदीला नेमके लागू पडतात. ते नीट लावले, तर कानाचा अधिकार कमी होत नाही. मात्र डोळ्यांनी पाहिलेले कानाच्या नावावर खपवण्याची मुभा कोणालाच उरत नाही.

‘प्रोफेशनल’ आणि ‘घरगुती’ ही विभागणी निसर्गाने केलेली नाही, हे आधी पाहू. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट इथे सुरू झालेल्या क्राउन कंपनीचे संस्थापक क्लॅरेन्स मूर हे एक्वादोरमधल्या क्विटो शहरातील ‘एचसीजेबी’ या ख्रिस्ती मिशनरी रेडिओ केंद्राचे अभियंता होते. १९४७ साली त्यांनी स्वतःचा उद्योग सुरू केला तो मिशनऱ्यांच्या कामी येतील अशी दणकट ध्वनियंत्रे बनवण्यासाठी. याच कंपनीने १९६७ मध्ये डीसी-३०० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा पॉवर अ‍ॅम्प काढला. ८ ओहमच्या स्पीकरला दर चॅनलमागे सुमारे १५० वॅट देणारा हा अ‍ॅम्प स्टुडिओत गेला, मैफलींच्या मंचावर गेला, प्रयोगशाळांत गेला आणि शौकिनांच्या दिवाणखान्यातही गेला. कॅनडातील ब्रायस्टन कंपनीचे अ‍ॅम्प स्टुडिओत चालतात तसेच घरातही चालतात आणि त्यांच्यावर २० वर्षांची हमी मिळते. ज्या ध्वनिमुद्रिका आपण घरी भक्तिभावाने ऐकतो, त्या मुद्रित होत असताना ध्वनिमुद्रकाने आणि कलाकाराने पुष्कळदा अशाच व्यावसायिक अ‍ॅम्पमधून ऐकून पसंत केलेल्या असतात. पॉवर अ‍ॅम्पचे काम एकच: आत आलेला विद्युत्‌संकेत जसाच्या तसा ठरावीक पटीने मोठा करून स्पीकरला देणे. त्याने स्वतःचे काही घालू नये आणि काही वगळू नये. हे काम स्टेजवर वेगळे आणि दिवाणखान्यात वेगळे असे नसते.

घरात पाचशे वॅट कशाला, हा हावरेपणा नाही का, अशी शंका इथेच येते आणि तिला हिशेबाचे उत्तर आहे. सर्वसाधारण स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. म्हणजे दोन स्पीकर लावून शांतपणे ऐकताना सरासरी एखादा वॅट किंवा त्याहूनही कमी पुरतो. परंतु संगीत सरासरीत वाहत नाही. तबल्याची थाप, झांजेचा ठोका, तारसप्तकातला एकदम उघडलेला स्वर हे सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल वर उसळतात. दर १० डेसिबलला शक्ती दहापट लागते, म्हणून २० डेसिबलच्या उसळीला शंभरपट शक्ती हवी. सरासरी १ वॅट असेल तर त्या क्षणी १०० वॅट. तेवढी शक्ती नसेल तर लहरीचा माथा कापला जातो आणि थाप बोथट होते. मोठ्या अ‍ॅम्पची क्षमता त्या क्षणांसाठी राखून ठेवलेली असते. तिचा अर्थ मोठ्याने वाजवणे असा नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे आणि शेजाऱ्याचा शांततेचा हक्क अ‍ॅम्पच्या वॅटप्रमाणे बदलत नाही. तेव्हा शक्ती मुबलक, बांधणी मजबूत आणि जुना म्हणून किंमत कमी, एवढ्या गोष्टी जुन्या व्यावसायिक अ‍ॅम्पच्या बाजूने उभ्या राहतात. तरीही बहुतेक शौकीन त्याच्यापाशी अडखळतात आणि तो ‘ऐकायला’ कोरडा वाटतो असे मनापासून सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. म्हणूनच त्यांच्या अनुभवाची चिकित्सा गंभीरपणे करायला हवी.

न्यायदर्शनाने प्रत्यक्षाला सर्व प्रमाणांत पहिले स्थान दिले, पण ते सरसकट दिले नाही. इंद्रिय आणि वस्तू यांच्या संबंधातून उपजलेले, न चुकणारे आणि निश्चयात्मक ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष, अशा अटी घालून दिले. बौद्ध तार्किक दिङ्नागाची अट त्याहून कडक: नाव, जात वगैरे मनाने जोडलेल्या कल्पना ज्याला चिकटलेल्या नाहीत तेच प्रत्यक्ष. पुढे नव्यनैयायिकांनी एक उदाहरण चर्चेला घेतले ते आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. लांबवर चंदनाचा तुकडा दिसतो. वास नाकापर्यंत पोचण्याचा संभव नाही. तरीही पाहणारा म्हणतो, सुगंधी चंदन दिसते आहे. सुगंध डोळ्याला कसा दिसला? नैयायिकांचे उत्तर असे की पूर्वी अनुभवलेल्या गंधाचे ज्ञानच इथे जोडणारा दुवा होते आणि म्हणून हे एक असाधारण प्रकारचे प्रत्यक्षच आहे. अद्वैताच्या ‘वेदान्तपरिभाषा’ या ग्रंथाने ते मान्य केले नाही. चंदनाच्या अंशापुरते हे ज्ञान अपरोक्ष म्हणजे थेट, सुगंधाच्या अंशापुरते ते परोक्षच, अशी त्या ग्रंथाने एकाच अनुभवाची दोन भागांत उकल केली. अनुभवणाऱ्याला दोन्ही अंश सलग वाटतात आणि तरीही त्यांची उगमस्थाने वेगळी असतात, हा यातला मोलाचा भाग आहे. सोनेरी दर्शनी पट्टी पाहत ऐकणाऱ्या माणसाला जो ‘उबदार’ आवाज ऐकू येतो, त्यात कानाने किती दिले आणि वाचलेल्या परीक्षणांनी, किमतीने, नावाच्या दबदब्याने किती दिले, हे त्याला आतून पाहून सांगता येत नाही. सुगंध दिसला असे म्हणणाऱ्याइतकाच तो सच्चा असतो आणि त्याच्याइतकीच त्याच्या अनुभवाची उकल होणे आवश्यक असते.

अशी उकल करण्याचे प्रयोग झालेले आहेत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये चाळीस श्रोत्यांना तेच स्पीकर आधी उघडपणे आणि मग पडद्याआड ऐकवले. दिसत असताना आकार, किंमत आणि नाव यांनी गुण वरखाली केले, हे एक. दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे: स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात जो खराखुरा फरक पडत होता, त्याकडे उघड ऐकणाऱ्यांच्या गुणांनी जवळजवळ दुर्लक्षच केले. पाहण्याने नसलेले तर ऐकू आलेच, शिवाय असलेले ऐकू येईनासे झाले. अ‍ॅम्प्लिफायरपुरते बोलायचे तर ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने १९८७ मध्ये पंचवीस श्रोत्यांची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे २२० डॉलरच्या रिसिव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या जोडीपर्यंत यंत्रे होती. आवाजाची पातळी जुळवून, नावे झाकून ऐकवल्यावर श्रोत्यांची उत्तरे नाणेफेकीहून चांगली ठरली नाहीत. त्याआधी, १९८५ मध्ये, बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ या मासिकाच्या परीक्षकांसमोर आपला तुलनेने स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प एका महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पशी असा जुळवला की दोहोंच्या संकेतांतला फरक ७० डेसिबल खाली गेला. मग त्या मुरलेल्या परीक्षकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. यातून दोन निष्कर्ष एकत्र निघतात. अ‍ॅम्पमध्ये फरक असूच शकत नाही असे नाही, कारण जुळवण्यापूर्वी तो होता म्हणूनच जुळवावा लागला. पण जो फरक खरोखर आहे तो मोजता येतो, कमी करता येतो आणि शून्याजवळ नेल्यावर ऐकूही येईनासा होतो.

यावर सर्वांत भक्कम हरकत मीमांसकांकडून येऊ शकते आणि ‘कानांवर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यांनी खरे तर तिचाच आधार घ्यायला हवा. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांचे प्रतिपादन असे की ज्ञान उपजते तेच प्रमाण म्हणून उपजते. त्याला खरे ठरवण्यासाठी दुसरे ज्ञान लागत असेल तर त्या दुसऱ्याला तिसरे लागेल, तिसऱ्याला चौथे, आणि ही मालिका कुठेच थांबणार नाही. म्हणून जे ऐकले ते खरे. खोटे म्हणणाऱ्याने खोटेपणा दाखवावा. हा युक्तिवाद हलक्याने घेण्यासारखा नाही. मोजमापाचा आकडाही शेवटी कोणीतरी डोळ्यांनीच वाचतो. इंद्रियांवर मुळातच विश्वास नसेल तर मीटरवर तरी कोणत्या आधाराने ठेवायचा? परंतु कुमारिलांनी या स्वतःप्रामाण्याला दोन अपवाद स्पष्टपणे ठेवले. विरुद्ध ज्ञान उभे राहिले, किंवा ज्ञान ज्या साधनातून आले त्यात दोष आहे असे कळले, तर आधीचे ज्ञान मागे घ्यावे लागते. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो. काविळीचे निदान झाल्यावर शंख पिवळा असल्याचा आग्रह त्याला धरता येत नाही. उघड तुलनेत साधनदोष ठोस स्वरूपाचे असतात. आवाज अर्ध्या डेसिबलने जास्त असला तर तो मोठा असा जाणवत नाही, अधिक स्वच्छ आणि जिवंत असा जाणवतो. व्यावसायिक आणि घरगुती अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे संकेत मोठा करण्याची पट, वेगळा असल्यामुळे पातळी न जुळवता केलेल्या तुलनेत हा दोष जवळपास ठरलेला असतो. केबल काढून लावण्यात जी काही मिनिटे जातात तेवढ्यात आवाजाच्या बारकाव्यांची आठवण पुसट होते. आणि डोळ्यांसमोर नाव असते. हे दोष माहीत झाल्यावर मीमांसेच्याच नियमाने तो अनुभव दाव्याचा पाया राहत नाही. अनवस्थेची, म्हणजे त्या न थांबणाऱ्या मालिकेची, भीतीही मग उरत नाही, कारण इथे प्रत्येक ज्ञानावर अविश्वास दाखवायचा नसून तीन ठरावीक दोष दूर करून पुन्हा त्याच कानाने ऐकायचे असते.

दुसरी हरकत तयार कानाची आहे. तयारी असलेल्याला जे ऐकू येते ते सामान्य श्रोत्यांच्या चाचणीत कसे उतरेल, असे विचारले जाते. या हरकतीच्या मुळाशी असलेली गोष्ट खरी आहे. मिरजेच्या कारागिराने लावलेली तंबोऱ्याची जवारी आणि घोडीवरचा दोरा केसभर सरकल्याने स्वरात येणारा बदल गवयाला तत्काळ कळतो. अनोळखी माणसाला तो सांगूनही कळत नाही. नाव आणि ओळख यांच्यासकट होणारे ज्ञानही खरे प्रत्यक्षच, असे नैयायिक दिङ्नागाला बजावत आले ते याच बळावर. राग ओळखणारा माणूस न ओळखणाऱ्यापेक्षा अधिक ऐकतो, त्यात कल्पनेची भेसळ नसते. पण त्या गवयाकडे पुन्हा नीट पाहावे. तंबोरा जुळवताना तो डोळे मिटतो. तंबोरा कोणाचा आहे, किती किमतीचा आहे, हे त्याला सांगितले नाही तरी त्याचा निवाडा बदलत नाही. खऱ्या तयारीची खूण हीच आहे: झाकल्याने ती घटत नाही, उलट एकाग्र होते. म्हणून यंत्र झाकल्याबरोबर जो भेद नाहीसा होतो, तो तयार कानाने टिपलेला भेद नव्हता असेच म्हणावे लागते. तयार कानाचा मान राखायचा असेल तर त्याला झाकलेल्या परीक्षेत बसवणे हाच त्याचा मान आहे.

चाचणीच्या घाईगर्दीत आणि ताणात सूक्ष्म फरक निसटतात, महिनोन्‌महिने सोबत राहिल्यावरच यंत्राचा स्वभाव कळतो, असेही सांगितले जाते. यात चाचणीच्या पद्धतीबद्दलचा एक गैरसमज आहे. अ, ब आणि दोहोंपैकी एक असलेला अज्ञात क्ष, या तिघांची तुलना करण्याची रीत बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडली. तशा तुलनेला घड्याळाची सक्ती असलीच पाहिजे असे नाही. क्ष दोन आठवडे घरात ठेवावा, आवडीची गाणी रात्रंदिवस ऐकावीत आणि मगच उत्तर द्यावे. घरच्या एखाद्या माणसाने यंत्र कापडाआड ठेवून कोणते जोडले आहे ते लिहून ठेवले तरी काम भागते. एक मात्र कबूल केले पाहिजे. फरक ओळखता न येणे म्हणजे फरक नाहीच याची अंतिम सिद्धता नव्हे. लहान चाचणीत फार बारीक भेद सुटू शकतो. परंतु ज्या फरकाचे वर्णन ‘पडदा उठल्यासारखा’, ‘रात्र आणि दिवसाइतका’ असे केले जाते, तो नाव झाकताच हरवत असेल, तर त्या वर्णनाचा विषय यंत्राबाहेर कुठेतरी होता हे मान्य करायला हवे.

आता उलट बाजूचा अहंकारही तपासला पाहिजे. आकडे सारखे म्हणजे आवाज सारखा, ऐकणाऱ्याचा प्रत्येक अनुभव भ्रम, अशी भूमिका घेणारेही कमी नाहीत. ही भूमिका प्रत्यक्षाला पायरी उतरवते आणि म्हणून तीही चुकते. एक हिशेब पाहा. ५० वॅटचा घरगुती अ‍ॅम्प ८ ओहमला पूर्ण ताकदीने २० व्होल्ट देतो, ५०० वॅटचा व्यावसायिक अ‍ॅम्प ६३ व्होल्ट. दोघांच्या माहितीपत्रकात संकेत आणि गोंगाट यांचे प्रमाण १०० डेसिबल असे एकच छापलेले आहे असे धरू. पहिल्याचा अंगभूत गोंगाट ०.२ मिलिव्होल्ट येतो आणि दुसऱ्याचा ०.६३ मिलिव्होल्ट, म्हणजे १० डेसिबल अधिक. आकडा एकच, पण अतिसंवेदनशील हॉर्न स्पीकरजवळ बसलेल्याला दुसऱ्याची सळसळ दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ऐकू येऊ शकते. स्टेजसाठी बांधलेल्या अ‍ॅम्पचा पंखा हजार माणसांच्या सभागृहात कोणाला जाणवत नाही. रात्री अकरा वाजता मालकंसाच्या विलंबित आलापात तो स्पष्ट जाणवतो. काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या इम्पिडन्सच्या चढउतारांप्रमाणे स्वरांचा तोल खरोखर हलतो आणि तो फरक नाव झाकूनही ऐकू येतो. म्हणजे ज्याने ‘मला काहीतरी ऐकू येते’ म्हटले त्याला हसण्याचा अधिकार मीटरवाल्याला नाही. काय मोजायचे हे कानाने सांगायचे, कान कशाने फसला हे मोजमापाने सांगायचे. दोन प्रमाणे एकमेकांची चाकर नाहीत, एकमेकांची साक्षीदार आहेत.

यंत्र वापरलेले आहे म्हटल्यावर प्रत्यक्षाची मर्यादा आणखी एका अंगाने उघडी पडते. त्याचा भूतकाळ दुकानात दिसत नाही. तिथे अनुमान आणि शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे सांगणे, यांच्याकडे वळावे लागते. अनुमानात उपाधीपासून, म्हणजे न दिसणाऱ्या अटीपासून, सावध राहा असे नैयायिक सांगतात. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर नाही; कारण धुराला ओल्या सरपणाची अट आहे. ‘महाग आहे म्हणून चांगला वाजणार’ हे अनुमान असेच अटीवर अडकलेले आहे, आणि ‘दुकानात वाजला म्हणून चांगला आहे’ हेही. मंद आवाजात पाच मिनिटे वाजणे ही थंड यंत्राची अवस्था आहे. दोष गरम झाल्यावर उघड होतात. म्हणून तासभर तरी चालवून पाहावे, दोन्ही चॅनल वेगवेगळे ऐकावेत, नॉब फिरवताना खरखर होते का ते पाहावे आणि स्पीकर जोडण्यापूर्वी आउटपुटवरचा डीसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा. तो काही मिलिव्होल्टांत असला पाहिजे. व्होल्टांत गेला तर स्पीकरची कॉइल जळू शकते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने झिजतात, तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, तेव्हा वर्षानुवर्षे बंद रॅकमध्ये तापलेल्या अ‍ॅम्पबद्दल काय अनुमान करायचे ते उघड आहे. मांडवांत दिसणारे सगळेच अ‍ॅम्प या कामाचेही नव्हेत. कर्ण्यांसाठी १०० व्होल्ट लाइनवर चालणारे पीए अ‍ॅम्प भाषणाला योग्य, संगीताला बहुधा नाहीत. परदेशातून आलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असला तर आपल्या २३० व्होल्टवर तो तसाच लावणे धोक्याचे. गुणगुण येते म्हणून अर्थिंगची पिन कापणे तर जिवाशी खेळणे आहे. बॅलन्स्ड केबल किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा त्यावरचा योग्य उपाय. आणि शब्दप्रमाण? वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगितले ते असे की ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि ते जसे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे असे त्याने मुद्दाम नोंदवले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या परिसरात जन्मभर असे अ‍ॅम्प उघडून दुरुस्त केलेला, विक्रीत वाटा नसलेला कारागीर या कसोटीला उतरतो. चकचकीत कागदावर छापलेले पण जाहिरातीवर जगणारे परीक्षण या कसोटीला उतरेलच असे नाही.

यानंतर एक हरकत उरते आणि ती सर्वांत माणुसकीची आहे. समजा उबदारपणा मनाने घातला; पण आनंद तर खरा झाला. कोणाचे काय बिघडले? आनंद खरा आहे यात शंका नाही, आणि सुंदर वस्तू घरात असावी, तिच्याकडे पाहत गाणे ऐकावे, यातही गैर काही नाही. ‘मला ही वस्तू आवडते’ हे विधान कोणत्याही चाचणीने खोटे पडत नाही. पण ‘हिचा आवाज अधिक चांगला आहे’ हे विधान जगाबद्दल आहे आणि ते बोलताच माणूस इतरांच्या खिशाला आणि निर्णयाला हात घालतो. ते ऐकून बेताच्या कमाईचा एखादा विद्यार्थी वर्षभराची बचत अ‍ॅम्पमध्ये घालतो, आणि ज्या स्पीकरने, खोलीतल्या ज्या पडद्यांनी, सतरंज्यांनी आणि ज्या ध्वनिमुद्रणांनी त्याचे ऐकणे खरोखर बदलले असते, त्यांच्यासाठी काही उरत नाही. म्हणून इथे सत्याचा प्रश्न करुणेचाही होतो. याच न्यायाने व्यावसायिक अ‍ॅम्प घेणाऱ्यानेही स्वतःला तपासावे. रॅकच्या मुठी, वजन, ‘१५०० वॅट’ हा आकडा आणि ‘स्टुडिओतला माल’ ही ख्याती हेही चंदनाचे तुकडेच आहेत. ते पाहूनही दम आणि जोर ऐकू येऊ लागतो. स्वस्त आणि राकट वस्तू घेतल्याने कोणी आपोआप भ्रममुक्त होत नाही. वैराग्याचाही दिमाख असतो आणि मोठ्या यादीतून साधी वस्तू निवडल्याचा अभिमान आवाजात मिसळायला वेळ लागत नाही.

न्यायमतात ज्ञानाची शेवटची कसोटी सफल प्रवृत्ती ही आहे: पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, तर ते ज्ञान खरे. ‘हा अ‍ॅम्प घरात चांगला वाजतो’ या ज्ञानाची तहान कोणती, हे आता सांगता येते. पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवली, नाव झाकले, घाई केली नाही, आणि तरीही तो ओळखता आला, तर भेद खरा आहे. मग ज्याला तो आवडला त्याने त्यासाठी जास्त पैसे निःशंक मोजावेत. ओळखता आला नाही, पंखा शांत निघाला, सळसळ बसण्याच्या जागेपर्यंत पोचली नाही आणि कारागिराने आतून तपासून होकार दिला, तर जुना व्यावसायिक अ‍ॅम्प घरी आणण्यात कोणतीही तडजोड नाही. उलट वापरता येण्याजोगे यंत्र भंगारात जाण्यापासून वाचते आणि वाचलेला पैसा संगीताकडे वळतो. एका डब्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटणे शक्य आहे. परंतु आपण काय पाहिले, काय ऐकले, कोणावरून ऐकले आणि त्यातले काय आपण स्वतः घातले, हे वेगळे काढण्याची सवय मोठ्या प्रसंगी अचानक अंगी येत नाही. गुरूचा चमत्कार, नेत्याचे वचन, औषधाचा गुण, जातीवरून बांधलेला माणसाचा अंदाज, या सगळ्यांत पाहिलेला अंश आणि मानलेला अंश असेच सलग जुळून येतात, आणि तिथे चूक झाली तर नुकसान पैशांवर थांबत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत ते वेगळे करून पाहणे स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे आणि एका संध्याकाळीही करता येते. ज्याला आपल्या ऐकण्याबद्दल खरे बोलायचे आहे, त्याने ही संधी टाळू नये.